पाचवी-आठवीची परीक्षा, संकलित चाचणी, फेरपरीक्षा: घरच्यांनी वेळेत काय विचारायचं?

ऐरोलीची_आई | सोमवार, ३१ मार्च २०२५, सकाळी १०.४०

आज ईदची सुट्टी, मुलं घरी आहेत, म्हणून बसून लिहिते. गेले आठ दिवस आमच्या सेक्टरमधल्या बायका मला जिन्यात गाठून एकच विचारतायत. ही राज्याची परीक्षा म्हणजे काय, आणि मुलं नापास होणार का? यंदा पहिली ते नववीचं वेळापत्रक राज्यभर एकच आलंय, ८ ते २५ एप्रिल. त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा आलाय. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा आमच्या घरात काय झालं ते इथे लिहिते, म्हणजे निदान ते तुमच्याकडे होणार नाही.

गेल्या वर्षी माझा मुलगा आठवीत होता. अनुदानित मराठी शाळा. आठवीपर्यंत कुणाला नापास करतच नाहीत, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. २०१० पासून सगळ्यांना तेच माहीत होतं. मधे केंद्राने शिक्षण हक्क कायदा बदलला, राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास होणं गरजेचं झालं. हे आम्हाला कळलं थेट निकालाच्या दिवशी. गणितात साठपैकी १६. पास व्हायला २१ लागतात.

शाळेच्या ऑफिसात विचारलं तर "जूनमध्ये बघू" एवढंच उत्तर मिळालं. फेरपरीक्षा असते, ती निकालानंतर दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते, त्याआधी मुलाला जादा शिकवायचं असतं, यातलं कुणी काही बोललं नाही. आम्ही पाटणला गावी निघून गेलो. मुलगा गावात कुणाकडे जाईना. मामाने विचारलं, "काय रे, पास का?" तर हा उठून गोठ्यात जाऊन बसला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्या गणिताच्या बाईंचा स्वतःहून फोन आला. "त्याला घेऊन या, परीक्षा पुन्हा होणार आहे, मी दहा दिवस बसते त्याच्यासोबत." दुसऱ्या दिवशी रात्रीची एसटी धरून आम्ही दोघं परत आलो.

बाईंनी सगळ्यात आधी त्याचा पेपर काढून माझ्यासमोर ठेवला. मला वाटलेलं त्याला गणितच येत नाही. पण बेरीज-वजाबाकी, भागाकार, समीकरण, जिथे नुसते आकडे होते तिथे बहुतेक बरोबर होतं. चुकलं होतं ते शब्दांत विचारलेलं. छापील किंमत ४५० रुपये, शेकडा २० सूट, तर विक्री किंमत किती? याने लिहिलं ४३०. शेकडा २० म्हणजे वीस रुपये कमी, असं धरून चालला होता. सूट, कमिशन, व्याज, सगळीकडे हीच चूक. एका शब्दापायी तीन उदाहरणं गेली होती.

त्याचे बाबा वाशीच्या मार्केटात कामाला आहेत. त्यांना हे सांगितलं तर त्या रात्री ते खिशातून पावत्या काढून बसले. शंभर रुपयांना वीस, मग चारशे पन्नासला किती? मुलगा म्हणाला, "नव्वद. म्हणजे तीनशे साठ." बापलेक रात्री साडेअकरापर्यंत हेच करत होते. फेरपरीक्षेत त्याला २७ पडले. आता तो नववीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाला किती पडले यापेक्षा कुठे गेले ते बघा, आणि ते एप्रिलच्या आत बघा. ज्यांची मुलं पाचवी-आठवीत आहेत त्यांनी या आठवड्यात शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. दिवाळीआधीच्या चाचणीचा पेपर बघायला मिळेल का, निकाल कधी, आणि फेरपरीक्षेची वेळ आली तर निरोप कसा मिळणार. गावचा फोन नंबरही देऊन ठेवा.

तुम्हाला काय माहीत आहे, तुमच्याकडे काय चाललंय, तेही लिहा.

किसननगरचा_बाबा | ३१ मार्च, सकाळी ११.२५

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. शाळेत "पॅट आहे, पॅट आहे" म्हणतात. ही पास-नापासवाली परीक्षा आहे का? मी वागळेला कंपनीत आहे, दोन शिफ्टमध्ये काम, शाळेत जायला जमत नाही. दुकानदार म्हणाला अपेक्षित प्रश्नसंच घ्या, तीन विषयांचे तीन. घेऊ का?

कळव्याच्या_बाई | ३१ मार्च, दुपारी १.१०

घेऊ नका दादा. थोडं सविस्तर लिहिते, कारण पालकसभेला येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा हाच गोंधळ असतो. मी चोवीस वर्षं शिकवते आहे, सध्या माझ्याकडे चौथी आहे.

पॅट म्हणजेच आपण ज्याला पायाभूत आणि संकलित चाचणी म्हणतो ती. वर्षातून तीनदा होते. जुलैत पायाभूत, दिवाळीआधी संकलित एक, आणि आता एप्रिलमध्ये संकलित दोन. विषय तीनच, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येते, सरकारी आणि अनुदानित शाळांना. स्टार्स नावाचा केंद्राचा शाळासुधारणेचा प्रकल्प आहे, यंदा हे त्यातून चालतं. पेपर आम्हीच तपासतो, उत्तरसूची वरून येते, आणि गुण चॅटबॉटवर भरतो. या तीन विषयांचे गुण मुलांच्या संकलित मूल्यमापनात धरले जातात, म्हणजे प्रगतिपुस्तकात दिसतात. पण चौथीच्या मुलीला त्यावरून चौथीतच ठेवत नाहीत. तो नियम फक्त पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला. त्या दोन इयत्तांमध्ये मूल फेरपरीक्षेतही अडलं तर त्याच वर्गात राहतं. पण शाळेतून कुणी काढू शकत नाही, आठवी पूर्ण होईपर्यंत कायद्याचं संरक्षण आहे. गेल्या वर्षी एका आईने मुलाला थेट कामाला लावायचं ठरवलं होतं, "नापास झाला, आता शाळा कुठे घेणार" म्हणून. तिला थांबवलं तेव्हा माझे हात थरथरत होते. म्हणून हे जिथे मिळेल तिथे सांगत असते.

पाचवीला एका विषयाला ५० गुण, ४० लेखी आणि १० तोंडी. आठवीला ६०, त्यात ५० लेखी आणि १० तोंडी. दोन्हीकडे ३५ टक्के लागतात, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१.

आता प्रश्नसंचाचं. संकलित चाचणीत भाषेचा उतारा पुस्तकातला नसतो. पाठ करून काही उपयोग होत नाही. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी पहिल्या वेळी पेपर हातात घेऊन रडायला लागली. "बाई, हा धडा आपल्याला झालाच नाही." तिला वाटलं आपण शाळा चुकवली त्या दिवशीचा असणार. उतारा समोर आहे, उत्तरं त्यातच आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ती चूक माझी होती.

तेव्हापासून मी मुलांना पुस्तकाबाहेरचं रोज काहीतरी वाचायला देते. लग्नपत्रिका, विजेचं बिल, औषधाच्या खोक्यावरची सूचना, बसथांब्यावरचा फलक. दादा, तुमच्या मुलीला घरातलं विजेचं बिल द्या आणि विचारा, शेवटची तारीख कोणती? उशिरा भरलं तर किती जास्त? तेवढं तिने शोधून काढलं तर तिची तयारी चालू आहे असं समजा. तीन पुस्तकांचे पैसे वाचतील.

घोडबंदर_रोड | ३१ मार्च, दुपारी १.४५

आमची मुलं सीबीएसईच्या खासगी शाळेत. या चाचण्यांबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. ४ डिसेंबरला मात्र शाळेत एक केंद्राची चाचणी झाली होती, सहावीच्या काही मुलांची. ती यातलीच का?

कळव्याच्या_बाई | ३१ मार्च, दुपारी २.०५

नाही, ते परख राष्ट्रीय सर्वेक्षण. तिसरी, सहावी आणि नववीची मुलं, देशभरातल्या निवडक शाळांमधून. त्यात तुमच्या मुलाचा वेगळा निकाल येत नाही, जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र कळतं. मुलाला त्याची काळजी करायला लावू नका.

कोपरीचे_आजोबा | ३१ मार्च, दुपारी ४.३०

यात शिष्यवृत्तीही लोक मिसळतात. आमच्या वेळी ती चौथी आणि सातवीला होती. २०१७ पासून पाचवी आणि आठवीला झाली, यंदा २०२५ लाही तशीच होती. म्हणजे त्याच दोन इयत्ता, म्हणून घोळ होतो. माझ्या नातवाने ९ फेब्रुवारीला दिली. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, दीडशे गुण, दीड तास. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. ही पूर्णपणे ऐच्छिक आहे, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून पाचवी अडत नाही, आणि शिष्यवृत्तीत चमकला म्हणून वार्षिक परीक्षा सुटत नाही. शेजारच्या घरात फेब्रुवारीनंतर "झाली एकदाची परीक्षा" म्हणून मुलाची पुस्तकं माळ्यावर गेली होती. मी स्वतः जाऊन खाली काढायला लावली.

एक अनुभवाची गोष्ट. गोल रंगवायची उत्तरपत्रिका पहिल्यांदा परीक्षेतच हातात आली तर मूल गडबडतं. एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं एकेक घर खाली सरकतात. नातवाचं सरावात दोनदा असं झालं. मग दर दहा प्रश्नांनी थांबून प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळतो का बघायची सवय लावली. आठवीच्या पेपरात तर काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. सूचना न वाचणारी हुशार मुलं तिथे मार खातात.

तुर्भे_स्टोअर | ३१ मार्च, संध्याकाळी ७.१५

वहिनीसाठी विचारतोय. तिला लिहिता-वाचता येत नाही. दादा रात्रपाळीला. पुतण्या पाचवीत आहे. "मी त्याचा अभ्यास कसा घेऊ" म्हणून रोज डोळ्यांत पाणी आणते. क्लासला महिन्याला जेवढे मागतात तेवढे नाहीत.

कळव्याच्या_बाई | ३१ मार्च, रात्री ९.००

भाऊ, हे त्यांना वाचून दाखवा.

ताई, तुम्हाला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं, आणि आईसारखं ऐकणारं दुसरं कुणी नाही. भाकऱ्या करताना त्याला शेजारी बसवा. एक पान मोठ्याने वाचू दे. मग पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, "आता मला तुझ्या शब्दांत सांग काय झालं." जिथे तो अडखळेल, "असंच काहीतरी" म्हणेल, तिथे त्याला कळलेलं नाही. त्याला ते पुन्हा वाचायला सांगा. तुम्ही "मग पुढे काय झालं?" आणि "का बरं?" एवढंच विचारायचं. बरोबर-चूक तुम्हाला ठरवायचं नाही.

याचा दुसरा फायदा तोंडी परीक्षेला होतो. दर विषयाला १० गुण तोंडीचे असतात, आणि आमची निम्मी मुलं तिथे मान खाली घालून उभी राहतात. येत असतं, पण मोठ्या माणसासमोर पूर्ण वाक्य बोलायची सवय नसते. घरात आपण त्यांना कामापुरतंच बोलवतो, पाणी आण, दार लाव. रोज आईला गोष्ट सांगणारं मूल परीक्षेत बोलतं, हे मी बघितलंय.

गणितासाठी त्याला दुकानात पाठवा आणि आल्यावर हिशेब विचारा. तो हिशेब तुम्ही रोज करता, तुम्हाला पक्का येतो.

रबाळेकर | ३१ मार्च, रात्री ९.४०

१९ तारखेची कोकणकन्येची तिकिटं फेब्रुवारीतच काढली आहेत, ठाण्याहून. दरवर्षी १५ एप्रिलला शाळा आटोपते म्हणून. आता परीक्षा २५ पर्यंत. मोठी पाचवीत, धाकटा दुसरीत. पुतणीचं लग्न आहे २१ ला. वेळापत्रक आधी जाहीर करायला काय झालं होतं? एप्रिलच्या उन्हात लहान मुलं पेपर लिहिणार, आणि पालकांनी तिकिटं रद्द करत बसायचं. शिवाय नऊ-दहा वर्षांच्या पोरांना वर्षातून तीनदा असं तोलायचं कशासाठी? माझा राग मुलांच्या बाईंवर नाही, पण राग आहे.

कळव्याच्या_बाई | ३१ मार्च, रात्री १०.२०

रागात तथ्य आहे. वेळापत्रक जूनमध्येच हातात यायला हवं, हे आम्हीही मागतो. आम्हालाही पेपर तपासून निकाल लावायला हाताशी फार थोडे दिवस आहेत. गुण भरण्यात माझ्या शिकवण्याचे तास जातात, तेही खरं.

पण तीनदा तोलण्याबद्दल माझं मत बदललं. पूर्वी प्रत्येक शाळा आपापला पेपर काढायची, आणि आम्ही नकळत आमच्या मुलांना जमेल असाच काढायचो. जुलैच्या पायाभूतमध्ये पहिल्यांदा दिसलं की माझ्या वर्गातली अकरा मुलं हातच्याची वजाबाकी करताना मधलं शून्य आलं की थांबतात. ५०३ वजा २४७. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, पण माहीत नव्हतं. पुढचा महिनाभर आम्ही काड्यांचे गठ्ठे घेऊन तेवढंच केलं. संकलित एकला त्यातली दोनच मुलं अडली. चाचणीचा उपयोग इथे आहे. नुसते गुण भरून पेपर कपाटात गेला तर मात्र तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर.

ऐरोलीची_आई | ३१ मार्च, रात्री १०.५०

रबाळेकर, लग्नाचं समजू शकते. धाकट्याचं मुख्याध्यापकांना लेखी देऊन विचारा, काय करता येईल ते तेच सांगतील. पण मोठीचा एकही पेपर बुडवू नका, अगदी आत्याकडे ठेवावं लागलं तरी. पाचवी आहे. आम्ही जूनमध्ये जे भोगलं ते लग्नातल्या जेवणापेक्षा महाग पडलं.

घणसोली_सेक्टर७ | १ एप्रिल, सकाळी ८.१०

माझ्या मुलाला वाचनाची अडचण आहे, अक्षरं उलटसुलट होतात. सातवीत आहे. दोन वर्षं "लक्ष देत नाही" म्हणून मार खाल्ला, आमच्याच हातचा. यंदा तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं आणि आता जादा वेळ मिळतो. ज्यांचं मूल तोंडी फडाफडा सांगतं पण लिहायला बसलं की अर्धं पान कोरं ठेवतं, त्यांनी शिक्षकांशी बोला. वाट बघू नका. एवढंच सांगायचं होतं.

किसननगरचा_बाबा | बुधवार, २ एप्रिल, रात्री ११.३०

काल अर्धी सुट्टी टाकून शाळेत गेलो. पहिल्यांदाच. वर्गातल्या मॅडमनी संकलित एकचा पेपर शोधून दाखवला. मराठीत खूप कमी होते, म्हणून मी घरी बरंच बोललो होतो तिला. पेपर उघडला तर मधली दोन पानं पूर्ण कोरी. पुढची सगळी उत्तरं नीट लिहिलेली, अक्षर सुंदर. मॅडमना वाटलं येत नसेल म्हणून सोडलं. घरी येऊन तिला शांतपणे विचारलं. तर म्हणाली, "पप्पा, पानं चिकटली होती. नंतर दिसली तेव्हा बेल झाली होती. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही."

सहा महिने झाले त्याला. सहा महिने ती हे मनात ठेवून होती.

काल विजेचं बिल दिलं वाचायला. शेवटची तारीख सांगितली, दंड सांगितला, वर मला विचारलं की आपलं बिल मागच्या महिन्यापेक्षा जास्त का आलं. मला सांगता येईना.

कळव्याच्या_बाई | गुरुवार, ३ एप्रिल, सकाळी ६.५०

दादा, तिला सांगा, पेपर हातात आला की पेन्सिल खाली ठेवून आधी सगळी पानं मोजायची, मग नाव लिहायचं. मी आज माझ्या वर्गातही हेच करून घेते. आणि शाळेत गेलात, फार बरं केलंत.

ऐरोलीची_आई | ३ एप्रिल, सकाळी ९.१५

किसननगरचे दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आपल्यालाही आधी पेपरच बघायला हवा होता.

आमच्या इथे आज संध्याकाळी ७ वाजता मंडळाच्या खोलीत पाचवी आणि आठवीच्या मुलांचे आईवडील जमतोय. माझा मुलगा शेकडेवारी शिकवणार आहे, त्यानेच स्वतःहून विचारलं. त्याचे बाबा पावत्या घेऊन येतील. येताना मुलाचा जुना पेपर मिळाला असेल तर आणा, नसेल तरी या. तुर्भ्याच्या भाऊंनी वहिनींना घेऊन यावं, परत सोडायला आमच्याकडे रिक्षा आहे.